सासूची घागर

बयनाबाईने दोर ओढला, तर बादलीत पाण्याऐवजी चिखल आला. आणि तोही ऐन आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी! आखजीला पितरांची घागर आपल्याच विहिरीच्या पाण्याने भरायची, ही सासूची रीत. आता सासूच गेली होती, आणि ती घागर तिच्याच नावाची होती.

बांधापलीकडे धाकट्या जावेचा, लक्ष्मीबाईचा रहाट कुरकुरत होता. तो आवाज बयनाबाईला काट्यासारखा रुतायचा. एकाच सासऱ्याची जमीन, दोन भावांत वाटलेली. मग पाणी तिलाच का?

का ते ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळायचं. वाटणी झाली ती आंध्र प्रदेश राज्य झालं आणि हा मराठी मुलूख त्यात गेला त्या सुमारास. सीमेवरच्या या बेला गावात तेव्हा कापसाला भाव होता. बयनाबाईने आपल्या उतारावरचे मोह, धावडे तोडायला लावले आणि पार माथ्यापर्यंत कापूस पेरला. लक्ष्मीने मात्र एका झाडाला हात लावू दिला नाही. तेव्हा चारचौघींत बयनाबाईनेच हशा पिकवला होता, "आमची लक्ष्मी पाला खाऊन राह्यते वं, बकरीवानी!"

आता बयनाबाईची माती दर पावसाळ्यात ओढ्याला जाई, आणि लक्ष्मीच्या झाडांखाली मुरलेलं पाणी वैशाखातही विहिरीत झिरपत राही.

ऊन चढलं. घागर कोरडी ठेवणं जिवावर आलं. बयनाबाई पदर ओढून बांध ओलांडून गेली.

"या बाई," लक्ष्मी म्हणाली. "बकरीच्या इहिरीवर काऊन आल्या?"

"टोमने नको मारू. सासूसाठी पायजे."

लक्ष्मी हसली. घागर भरून तिने स्वतःच्या हाताने जावेच्या डोक्यावर चढवली. "सासू एकच व्हती ना आपली? तिले काय समजते, कोनाची इहीर!"

टोमणा गिळता आला असता, हे गिळवेना.

पूजेनंतर ते पाणी तुळशीला घालत. बयनाबाई मात्र घागर घेऊन उतारावर गेली. तिथे तोडलेल्या मोहाचा एक बुंधा होता. त्याला धुमारे फुटत, आणि कापसाच्या आड येतात म्हणून ती ते विळ्याने छाटून टाकी. यंदाही तांबूस पालवी आली होती.

तिने सगळी घागर तिथे ओतली.

"वाढ," ती दातओठ खात म्हणाली. "तिच्यावाल्याहून उंच वाढ!"

मान वर केली, तर बांधावर लक्ष्मी उभी. लक्ष्मीने पदर डोळ्यांवर ओढला आणि काहीच न पाहिल्यासारखी रहाटाकडे वळली.