खड्ड्याच्या काठावरची हिरवी

मित्रांनो, गाणी वाजवणारी नव्हे, टीव्हीवर खेळ दाखवणारी कॅसेट आहे मी. काळ्या प्लास्टिकची, तळहाताएवढी, खालच्या कडेला तांब्याच्या दातांची ओळ. माझ्यावरचं चित्र कधीच सोलून निघालं. मी कुठल्या परक्या देशात तयार झाले, हे मला सांगता येणार नाही. शहागंजातल्या एका दुकानात मी काचेमागे टांगलेली होते, तिथपासूनचं मला ठाऊक आहे.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. माझ्या पोटात नवं काही लिहिता येत नाही. कारखान्यात जेवढं भरलं तेवढंच. खेळ बंद झाला की कोण खेळलं, किती उड्या मारल्या, सगळं पुसलं जातं. माझ्या पोटात काय आहे ते मला पाठ आहे, असंच मी समजत होते.

रामकिसन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. बोनस मिळाला त्या संध्याकाळी ते दुकानात आले आणि टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतल्यावर माझे वेगळे अडीचशे रुपये मोजून मला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, कपाळाला हात लावला. तेवढ्यात महिन्याचा किराणा आला असता, असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. पण लेकरांनी मला यंत्रात बसवलं, पडदा उजळला आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबलं.

लेकरं दोन. संघपाल मोठा, विशाखा त्याच्याहून धाकटी. माझा खेळ साधा होता. चौकोनी ठिपक्यांची दोन माणसं, एक लाल, एक हिरवं. दोघांनी मिळून डोंगर चढायचा आणि वाटेतले खड्डे ओलांडायचे. लाल संघपालचा, हिरवी विशाखाची. गल्लीतली पोरं दारात बूट काढून रांगेत बसत. कुणाचा नंबर आला की बाकीचे श्वास रोखून बघत. एवढ्या मोलाची वस्तू गल्लीत एकच, म्हणून सगळे तिच्यासाठी थांबायला शिकले होते.

विशाखाची एक खोड होती. खड्डा आला की ती सरळ उडी मारायची नाही. हिरवीला जरा मागं घ्यायची, दोनदा उठबस करायला लावायची आणि मग उडवायची. संघपाल चिडायचा. ती म्हणायची, "थांब की रे दादा, तिला भीती वाटती."

एका उन्हाळ्यात विशाखाला कावीळ झाली आणि ती गेली. नऊ वर्षांची होती. मला तिच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं गेलं. मित्रांनो, पेटीतला काळ मोजता येत नाही. फक्त वरची कापडं बदलली, एकदा पेटी उचलली गेली, घर बदललं. रामकिसन हे जग सोडून गेल्याचं मला मनकर्णाबाईंच्या आवाजावरून कळलं.

पेटी उघडली तेव्हा मी पुंडलिकनगरातल्या नव्या घरात होते. संघपालचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. त्याच्यासोबत प्रणय नावाचा तरुण होता. तो वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि संगणकावर खेळ तयार करायचा. नवा खेळ, पण मुद्दाम जुन्या धाटणीचा. तसेच चौकोनी ठिपके, तसाच टिंवटिंव आवाज. दोन वर्षं तो त्यावर खपला होता आणि किंमत ठेवणार होता चारशे नव्याण्णव. लोकांनी आधीच नाकं मुरडली होती. असल्या चौकोनांचे पाचशे कशाला, लहानपणी याहून भारी खेळ अडीचशेत मिळायचा, असं त्याला लिहून यायचं. संघपाल हसला. तेव्हाच्या अडीचशेत आमचं घर महिनाभर जेवलं असतं, तुझा खेळ त्या मानानं फुकटच आहे, असं त्यानं प्रणयला समजावलं. प्रणयला माझी चित्रं आणि आवाज जवळून बघायचे होते. संघपालनं माळ्यावरचं जुनं यंत्र काढलं, माझ्या दातांवर फुंकर मारली आणि मला आत बसवलं.

दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, स्वयंपाकघरात मनकर्णाबाई गहू निवडत होत्या. यंत्राला रिमोट एकच जोडलेला होता, दुसरा कधीच मोडून गेला होता. संघपालनं लाल चालवला. हिरवी जागेवर उभी राहायला हवी होती, कारण तिला चालवणारं कुणीच नव्हतं.

ती चालू लागली.

पहिल्या खड्ड्यापाशी ती थांबली, जरा मागं सरली, दोनदा उठली-बसली आणि पलीकडे गेली. प्रणयला वाटलं, जुन्या खेळांत असं आपोआप चालायची सोय असेल. मित्रांनो, तशी सोय माझ्यात नाही. माझ्या पोटात असं काहीच भरलेलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. आपल्या घरात आपल्याला न विचारता कुणी तरी राहत आहे आणि ते आजचं नाही, हे कळल्यावर जशी वाटावी तशी.

संघपालच्या हातातून रिमोट गळाला. मनकर्णाबाई सूप हातात तसंच घेऊन दारात आल्या. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या.

"बंद करू नको," त्या म्हणाल्या. "मला तिला जरा बघू दे."

त्यानंतर रोज दुपारी त्या टीव्हीसमोर येऊन बसायच्या. सुट्टीच्या दिवशी संघपाल लाल चालवायचा. लाल पुढं पळाला की हिरवी काठावर थांबून राहायची. तो परत आला की निघायची.

इकडे प्रणयनं माझी चित्रं आणि आवाज आपल्या संगणकावर उतरवून घेतले, संघपालला विचारून, आणि त्यांच्या धर्तीवरची हिरवी आपल्या खेळात आणली. खेळ विक्रीला गेला. लोक घेऊ लागले. आणि माझ्यात काहीतरी कमी होऊ लागलं. हिरवी उशिरा यायची. कधी नुसती पुसट रेघ दिसायची. कधी दुपारभर मनकर्णाबाई बसून राहायच्या आणि काठ रिकामाच असायचा.

महिनाभरानं प्रणय खाली आला. त्याचं तोंड उतरलं होतं. गावोगावचे लोक एकच तक्रार करत होते. हिरवी खड्ड्यापाशी थांबून राहते, उठबस करते, वेळ खाते. पाचशे रुपये मोजले ते हिची वाट बघायला का, हिला नीट पळवा नाहीतर पैसे परत करा. एका मोठ्या कंपनीनं खेळ विकत घ्यायची तयारी दाखवली होती, दोन हजारांना विकू म्हणत होती, पण आधी हिरवीचं ते थांबणं काढून टाका, ही त्यांची अट होती.

"मग काढ की," संघपाल हळूच म्हणाला. आईकडे न बघता.

प्रणयनं मान हलवली. "काका, मी शोधलं. सगळं चाळून बघितलं. ते उठणं-बसणं मी लिहिलेलंच नाय. तुमच्या कॅसेटमधून फक्त चित्रं अन् आवाज घेतले होते. जे लिहिलंच नाय ते काढू कुठून?"



त्यानं एक वाट काढली होती. हिरवीचं चित्रच पुसून टाकायचं. लाल एकटा डोंगर चढेल. त्याला घरी पैसे पाठवायचे होते, खोलीचं भाडं होतं, दोन वर्षांची मेहनत होती. पण रोज दुपारी टीव्हीसमोर बसणाऱ्या मनकर्णाबाई त्यानं पाहिल्या होत्या, म्हणून विचारल्याशिवाय त्याचा हात धजत नव्हता. नाहीतर खेळ फुकट वाटून टाकतो, असंही तो म्हणाला. पैसेच घेतले नाहीत तर कुणी ओरडणार नाही.

मनकर्णाबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"फुकट नको देऊ, लेकरा. फुकटच्या वस्तूकडं कोण बघतंय? घेतील अन् टाकून देतील. तू तुझ्या कष्टाचं मोल घे." मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "पण लोकांनी पैसे मोजले म्हणून पोरीनं भीती गिळून पळायचं, व्हय? त्याइतकं मोल कुणाच्याच खिशात नाय. तिच्यासाठी थांबा म्हणून लिही. ज्याला थांबायचं नाय त्याचे पैसे परत दे."

प्रणय वर गेला. त्या रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण सकाळी तो आला तेव्हा डोळे सुजलेले होते. त्यानं कंपनीला नकार कळवला होता. खेळाच्या सुरुवातीला एक ओळ घातली होती: हिरवी थांबली, तर तिच्यासाठी थांबा.

पुष्कळांनी पैसे परत मागितले. त्यानं ते दिले आणि वाळूजच्या एका कंपनीत नोकरी धरली. खेळ अजून विक्रीला आहे, त्याच किमतीला. थोडेच लोक घेतात. पण त्यांच्यातले काही जण प्रणयला लिहितात आणि प्रणय ते मनकर्णाबाईंना वाचून दाखवतो. फर्दापूरहून एका बाईनं लिहिलं, की ती सकाळी खेळ लावून ठेवते आणि हिरवीच्या शेजारी लाल नुसता उभा करते, पुढं जायची घाई न करता. मध्येच हिरवी तोंड वळवून लालकडे बघते. त्या बाईनं विचारलं होतं, हे चित्र तुम्ही फार सुंदर काढलं आहे, कुणाचं आहे?

असं चित्र प्रणयनं काढलेलं नाही. माझ्यातही ते नाही.

माझ्यात आता हिरवी येत नाही. मला यंत्रात बसवलं की लाल एकटाच उभा दिसतो. मनकर्णाबाईंना याचं दुःख वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्या मला ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्या मऊ कापडानं पुसतात, दातांवरची काजळी काढतात आणि टीव्हीजवळच्या फळीवर ठेवतात. पेटीत परत घालत नाहीत. एकटेपणा आहे तो माझ्याच वाट्याला. ती आत असताना मी भ्यायले, आणि आता तिची जागा रिकामी आहे हे मला सोसत नाही.

मित्रांनो, खेळ घ्याल तेव्हा किंमत जरूर विचारा. स्वस्त का महाग, पूर्वी केवढ्याला होता, सगळं विचारा. पण घेतल्यावर त्याला हिसके देऊ नका, आणि कुणी काठावर उभं राहिलं तर त्याला टाकून पुढं पळू नका. आमच्या आत कोण राहतं, ते आम्हा वस्तूंनाही नेहमी ठाऊक नसतं.