पापणीचा केस

बायको माझी, पण जीव तिचा किड्यांत! हे मी वर्षभर सगळ्यांना हसत सांगायचो. किडे तरी केवढे, मिलिमीटरभर लांब, दोऱ्याच्या तुकड्यासारखे. त्यांच्यावर कोण जळणार? काल तिला आणायला प्रयोगशाळेत गेलो आणि डोकंच फिरलं.

ती भिंगात डोळे घालून बसली होती. हातातल्या काडीच्या टोकाला एक बारीक केस चिकटवलेला.

"हा कुणाचा?" मी सहज विचारलं.

"याच्या पापणीचा," तिने शेजारी बसणाऱ्या कुरळ्याकडे मान वळवली. जणू पेनच उसनं घेतलं होतं!

मग मला समजावू लागली. मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो, तो सोडायला एक प्रथिन लागतं. त्या प्रथिनाचं जनुक बिघडलं की निरोप कमी सुटतो. थाळीत एक औषध घातलंय, त्याने निरोप साचत जातात. धडधाकट किडे लवकर आखडतात, बिघडलेले बराच वेळ वळवळतात. कोण आखडलंय हे केसाने हळूच टोचून बघायचं. तारेने टोचलं तर इजा होते.

मला त्यातलं एकच कळलं. परक्या माणसाच्या पापणीचा केस माझी बायको दिवसभर बोटांत धरून बसते. आणि पापण्याही मेल्याच्या कशा दाट! वर निघताना म्हणतो, "दादा, ताईंना जरा आराम करायला सांगा." ताई म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवताना मी तिच्याशी अवाक्षर बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सकाळी ती गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो आणि पापणीचा केस उपटला. आई गं! एक तुटला, दुसरा अख्खा निघाला. तो कागदाच्या पुडीत घालून थेट तिच्या टेबलाशी गेलो.

"हा घे. माझा आहे."

तिने भिंगातून मान वर काढली. "डोळा का लाल झालाय? अरे, आता नाही चालणार. अर्धी मोजणी झाली. केस बदलला की स्पर्श बदलतो, सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"मग आधी माझा का नाही मागितलास?" माझा आवाज चढला. कुरळ्या गुपचूप उठून बाहेर गेला.

"मागितला होता," ती शांतपणे म्हणाली. "तू मॅच बघत होतास. माझ्याकडे न बघताच म्हणालास, काहीतरी खुळ्यासारखं मागू नकोस, तुझ्या त्या कुरळ्याचा घे."

मला आठवलं. मॅच कुणाची होती तेही आठवलं.

"बरं, पुढच्या प्रयोगाला घेशील?" मी पुडी पुढेच धरून होतो.

"बघू," ती म्हणाली आणि तिने परत भिंगात डोळे घातले.