तळ्यानं सांगितलं

"साउनात?" जोलीननं विचारलं.

"साउनात," आर्वो हिल्टुनेन म्हणाला.

"तापवलेल्या?"

"मग काय, थंड साउनात नेऊन बसवू त्याला? आणि फार नव्हता तापवला. खालच्या फळीवर ठेवला होता, वरच्या नाही. एवढा काही मी येडा नाही!"

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात जोलीन पेल्टिएनं त्यानं आणलेल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आतून पाण्याचे चार थेंब टेबलावर पडले. तिनं एकदा त्या थेंबांकडे पाहिलं, एकदा समोरच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे, आणि हसू दाबायला खोकल्याचं निमित्त केलं.

"या वर्षातले तुम्ही तिसरे," ती म्हणाली. "तुम्हा फिनिश लोकांना काय सांगावं! एक बाई टीव्ही घेऊन गेली होती वाफेत."

आता आर्वोचंही अगदीच चुकलं असं कसं म्हणायचं? मिशिगनच्या त्या उत्तरेकडच्या टोकाला त्याच्या लोकांची तिसरी पिढी राहत होती, आणि घरोघरी साउना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली. पाठ धरली की साउना, सर्दी झाली की साउना, नवरा-बायकोचं बिनसलं तरी साउना. त्याची बायको लेम्पी तर साउनाच्या बाकावरच जन्मली होती. साउना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही त्याच्यासाठी खड्डा खणावा, ही त्यांची म्हण. जानेवारीत लेम्पी गेली तेव्हा आर्वोनं तिच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तिथली शेगडी पेटवायची बंद केली. तिचा कॉम्प्युटर त्या खोलीत सबंध हिवाळा गारठून पडला. मे महिन्यात बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. गारठलेल्याला ऊब द्यावी, हे तर लहान मूलही सांगेल.

"त्यात हवंय काय?" जोलीननं विचारलं. "फोटो?"

"तळं," आर्वो म्हणाला.

जोलीननं हातातला पेचकस खाली ठेवला.

त्या भागात हिवाळ्यात मेलेल्या माणसाला वाट पाहावी लागते. जमीन कमरेएवढी गोठलेली असते, कुदळ चालत नाही. दफनभूमीच्या दगडी खोलीत शवपेट्या वसंताची वाट बघत राहतात. लेम्पीचं दफन येत्या शनिवारी होतं, आणि आज मंगळवार. जाण्याआधी तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "भजनं नकोत. आपले लोक बेसूर गातात. माझं तळं लावा." आर्वोनं होकार दिला होता. सत्तावन्न वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला फारसे शब्द दिले नव्हते, पण दिलेला एकही मोडला नव्हता.

घरामागचं तळं गोठलं की गायचं. बर्फ ताणलं जातं, आखडतं, तडकतं आणि मैलोगणती आवाज धावत जातो. लेम्पी बर्फाला भोक पाडून त्यात माइक सोडायची, कानाला हेडफोन लावून तास-तासभर बसायची आणि ते टेप करायची. कॅसेट मात्र एकच! टेप केलेलं कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि तीच कॅसेट पुन्हा वापरायची. दुसरी आणायची म्हणजे उधळपट्टी. आर्वोनं यातलं कधीच काही ऐकलं नव्हतं. "तळं गातंय म्हणे! कुडकुडून मरशील एक दिवस," एवढंच त्याचं म्हणणं. आणि आता मे महिना. तळ्यात नुसतं पाणी, मुकं. पुन्हा गोठायला डिसेंबर उजाडणार.

"पोरी, होईल का गं?" त्यानं विचारलं.

"मशीन गेलं. त्याचं नाव सोडा," जोलीन म्हणाली. "पण साठवण असते ती या डबीत." तिनं आतून तळहाताएवढी एक चपटी पेटी काढली. मग खणातली तशीच एक जुनी, उघडलेली पेटी त्याच्यापुढे ठेवली. "आतून अशी असते. ही तबकडी मिनिटाला सात हजार वेळा फिरते. आणि हा दांडा तिच्यावरचं वाचतो. पण टेकत नाही हं, वर तरंगतो."

"किती वर?"

"एक केस घ्या. उभा चिरून त्याचे हजारो भाग करा. त्यातल्या एकाएवढा."

आर्वोनं चष्मा पुसला. तबकडी आरशासारखी होती, त्यात त्याला स्वतःचंच नाक दिसलं. अडतीस वर्षं त्यानं सरकारी ट्रकनं रस्त्यावरचं बर्फ काढलं होतं. ट्रकपुढचं लोखंडी पातं खाली गेलं तर डांबर उखडतं, वर राहिलं तर बर्फ उरतं. रस्त्यापासून एक बोटभर पातं धरण्यात त्याच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"म्हणजे माझंच काम की हे!" तो पुटपुटला. "फक्त... बापरे." बोटभराची काय ती घमेंड मिरवली जन्मभर!

"आणि तो टेकला, खरवडलं, तर तळं गेलं," जोलीन म्हणाली. "म्हणून आधी दोन दिवस ही कोरडी ठेवणार. मग सावकाश वाचणार. घाई नाही करायची. तुम्ही घरी जा, आणि कृपा करून कशालाही वाफ देऊ नका."

तो निघाला तेव्हा तिला आठवण झाली. "बाबा सांगायचे, हिल्टुनेनच्या घरची कॉफी कधी थंड नसते." तिचा बाप लिओ आर्वोबरोबर ट्रकवर होता.

"पैजा लागायच्या त्यावर," आर्वो म्हणाला. आणि खरंच लागायच्या. बर्फ काढणाऱ्याच्या येण्याला वेळकाळ नसते. कधी पहाटे पाच, कधी दुपारी. एकदा ट्रक रुतला आणि दोन तास उशीर झाला, एकदा मुद्दाम उलट्या वाटेनं आला. काही करा, दार उघडलं की टेबलावर नुकती ओतलेली कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. तेव्हा कुठले खिशात फोन! "तुला कळतं कसं, चेटकिणी?" असं विचारलं की लेम्पी म्हणायची, "तळ्यानं सांगितलं." सरळ उत्तर द्यायचंच नाही, हा तिचा स्वभाव, असं आर्वो समजून चालला होता.

शुक्रवारी सकाळी जोलीनचा फोन आला. आर्वोनं कोटाची बटणंही नीट लावली नाहीत.

"विषयसूची फाटलीय, पण पानं शाबूत आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "आवाजाच्या दोनशे सहा फाइली निघाल्या. नावं, तारखा सगळं गेलं. कुठली कधीची, ते आता देवालाच ठाऊक."

"तळं ते तळं. कुठलीही लाव."

आधी काहीच नव्हतं. मग खोलातून एक आवाज आला, कुणी ताणलेल्या लांबच लांब तारेवर टिचकी मारावी तसा. तो दूर गेला, पलीकडच्या काठाला लागला आणि वेगळाच होऊन परत आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जाड, पोटात घुमणारा. दुकान त्या आवाजानं भरून गेलं. जोलीन उभी होती ती खुर्चीत बसली. आर्वोनं टोपी काढून हातात घेतली. साठ वर्षं तो या तळ्याच्या काठानं जात-येत होता, त्यात मासे धरले होते, त्याला शिव्या घातल्या होत्या. आणि खाली हे चाललेलं होतं! आपल्या बायकोनं हे रोज ऐकलं आणि आपण बूट झटकत घरात शिरून म्हणालो काय, तर कुडकुडून मरशील.

"देवा रे," तो एवढंच म्हणाला.

शेवटाकडे एक घरघर सुरू झाली. हलकी, लांबवरची. जोलीननं कपाळाला आठ्या घातल्या. "हा बिघाड दिसतोय. वाफेनं थोडं खाल्लंच शेवटी. मी एवढं कापून टाकते, उद्या लोकांना ऐकू येणार नाही."

तिचा हात माउसवर गेला. घरघरीत तीन ठोके आले. धड, धड, धड.

"थांब!" आर्वो ओरडला. "हात काढ! काढ म्हणतो ना!"

पलीकडच्या टोकाला, सात मैलांवर, तळ्याच्या अरुंद पट्टीवर लोखंडी पूल होता. पुलाचे पाय पाण्यात. पुलावर तीन सांधे, पातं अडकेल असे. बाकीचे लोक पातं एकदाच उचलायचे आणि पूल संपेपर्यंत वरच ठेवायचे. प्रत्येक सांध्याला पातं उचलून परत खाली सोडणारा सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस होता.

"हा मी आहे," तो म्हणाला. "पोरी, हा माझा ट्रक आहे."

आणि मग अगदी जवळून, कुणाशी तरी गुपित बोलावं तसा लेम्पीचा आवाज आला. "पुलावर आला. चला, कॉफी ठेवते."

खट्. टेप बंद.

पुलावरून घरी पोचायला बर्फ काढत काढत बरोब्बर पाऊण तास लागायचा. हवेतून काही ऐकू यायचं नाही, पण पाणी आवाज पोचवतं. जोलीननं दुसरी फाइल लावली. तळं गायलं, घरघर आली, तीन ठोके, आणि "आला बाई एकदाचा." तिसरीत, "आज उशीर केलास रे." चौथी तो निवृत्त झाल्यानंतरची असावी. तीत एकच मोठा ठोका होता आणि लेम्पी वैतागून म्हणत होती, "हा आमचा नव्हे. हा मेला पातं आपटतो!"

आर्वो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. डोळे पुसायला त्यानं टोपीच वापरली. वीस वर्षं तिनं खरं तेच सांगितलं होतं, अगदी सरळ. हा बाबाच ऐकत नव्हता.

शनिवारी ऊन पडलं होतं. जोलीन स्पीकर घेऊन आली. चाळीसएक माणसं होती, पाद्री होता, आणि मऊ झालेल्या मातीचा वास येत होता. आर्वोनं पहिलीच फाइल लावायला सांगितली, पूर्ण, शेवटाला हात न लावता. तळं गायला लागलं तसं कुणी जागचं हललं नाही. एका म्हाताऱ्यानं आकाशाकडे पाहिलं. घरघर आली तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. ट्रकवरच्या जुन्या गड्यांनी मात्र तीन ठोके ओळखले आणि त्यांच्या माना आर्वोकडे वळल्या.

"पुलावर आला. चला, कॉफी ठेवते."

आर्वो खड्ड्याच्या कडेला गेला, गुडघ्यावर हात टेकून जमेल तेवढा वाकला.

"एवढ्यात ठेवू नकोस गं," तो म्हणाला. "निवून जाईल. अजून पूल लांब आहे."