गाडीला वाट न देणारं फाटक

मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. गंजलेलं, एका अंगाला कललेलं, आणि कितीही जोर लावलात तरी सताड न उघडणारं. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर रुसवेफुगवे नकोत.

मित्रांनो, माझी घडण जरा निराळी आहे. घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला एक कठडा आणि त्याच्या पोटात इकडून तिकडे झुलणारी एकच झडप. कठड्यात शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, झडप मागे ढकलायची आणि पलीकडे निघायचं. एका वेळी एकच जण. राव असो की रंक, माझ्यापाशी त्याला क्षणभर थांबावंच लागतं. देवाच्या दारीही असंच असणार. तिथे कुणाचा लवाजमा आत जात नाही.

पलीकडे रान आहे. रानातून एक सोपी पायवाट जाते, लहान मूलही दमू नये अशी. वाटेवर तीन तळी लागतात. मी ती पाहिलेली नाहीत, कारण मी जागचा हलत नाही. पण येणारेजाणारे सांगतात, दुसऱ्या तळ्यात एक ओंडका पडलाय आणि त्यावर कासवं ऊन खात बसतात. पावलं वाजली की एकेक करून पाण्यात उडी घेतात. तेवढा आवाज मात्र मला इथवर ऐकू येतो. डुब्. डुब्. माझ्या आयुष्यातलं संगीत म्हणाल तर तेच.

ही तळी आधीपासून नव्हती बरं. इथे वीटभट्टी होती. विटांसाठी माती उपसून उपसून खड्डे पडले. रुळांवरून ढकलगाड्या धावायच्या, बाहेर ट्रक रांग लावून धुरळा उडवायचे. मग भट्टी बंद पडली. खड्ड्यांत पाणी साठलं, पाण्यावर पाखरं आली, पाखरांनी बिया आणल्या. माणसाने ओरबाडून नेलं आणि देवाने न बोलता भरून दिलं.

भट्टीमालकाच्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिलं. तिला सगळे मोठ्या बाई म्हणतात. वडिलांमागे जमीन हाती येताच त्यांनी ती राखीव रान म्हणून एका मंडळाला देऊन टाकली. अट एकच: आत वाहन जाणार नाही. त्या अटीसाठी लोहाराने मला घडवलं, आणि माझे खांब केले त्याच ढकलगाड्यांच्या रुळांचे. जन्मभर चाकांची चाकरी केलेलं लोखंड चाकांनाच अडवायला उभं राहिलं.

सुरुवातीला माझं कोण कौतुक. मुलं झडपेवर झोके घ्यायची, त्यांचे आजोबा बिजागरीत तेल सोडायचे. पुढे तेल संपलं आणि शिव्या सुरू झाल्या. एका मोटारसायकलवाल्याने "काय अडगळ लावून ठेवलीय" म्हणत मला लाथ घातली. मी हललो नाही. तो लंगडत गेला.

मग एके सकाळी मंडळाचा चिटणीस मोजपट्टी घेऊन आला. तो मोठ्या बाईंचा भाचाच. बरोबर वेल्डरबाई होती, ज्या लोहाराने मला घडवलं त्याची सून. आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या बाई. त्यांचे पाय गेल्याला वर्ष झालं होतं.

"हे उपटायचं," भाचा वेल्डरबाईला म्हणाला. "इथून आठ माणसांची गाडी आत गेली पाहिजे."

"कुणाला विचारून?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मावशी, अगं तुझ्यासाठीच चाललंय हे. वर्षभर तू तळं पाहिलेलं नाहीस."

"म्हणजे माझं निमित्त करून गाडी घुसवतोस होय रे?"

"बॅटरीवरची आहे. आवाज नाही की धूर नाही."

"आज बॅटरीची. उद्या तिला डांबरी रस्ता लागेल, परवा रस्त्याला दिवे, आणि दिव्याखाली चहाची टपरी. कासवं काय उधारीवर चहा पिणार आहेत?"

"मग तू आत जाणार कशी? उडून?"

मित्रांनो, माझा ताठा तिथे डळमळला. जिच्या शब्दासाठी मी लाथा खाल्ल्या, तीच माझ्यामुळे बाहेर बसली होती.

बाईंनी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली आणि खुर्ची कठड्यात घातली. ती आत आली आणि अडकली. वळेना.

"बघ, वीतभर जागा कमी पडते," त्या वेल्डरबाईला म्हणाल्या. "याचं पोट वाढव. खुर्ची वळेल एवढंच. गाडी वळता कामा नये."

"आणि तुझी अट?" भाचा म्हणाला. "तूच तर म्हणालीस, वाहन आत जाणार नाही."

"वाहन नाहीच जाणार. ही खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत."

"गाडीवाल्याला काय सांगू मी आता?"

"सांग, मावशी फाटकात अडून बसलीय. खोटं आहे का? ओढ आता मला मागे."

भाच्याला हसू आवरेना. हसत हसतच त्याने खुर्ची मागे ओढली.

वेल्डरबाईने मला कापलं. ठिणग्या उडाल्या. ती भजन गुणगुणत होती, म्हणून सोसवलं. नवी नळी जोडली, झडप पुन्हा टांगली, बिजागरीत तेल सोडलं. मग बाई आत शिरल्या, कोपऱ्यात वळल्या आणि झडप ढकलून पलीकडे गेल्या. भाच्याला मात्र त्या जाईपर्यंत थांबावं लागलं. एका वेळी एकच जण.

मी कान लावून राहिलो. बऱ्याच वेळाने आवाज आला. डुब्. डुब्. आणि त्यामागून बाईंचं हसणं.

तेव्हा मित्रांनो, मला तेल द्या. माझी झडप दोरीने बांधून ठेवू नका. पायी या, काठी टेकत या, आईच्या कडेवर या, चाकांच्या खुर्चीत या. तुमच्यासाठी मी पुन्हा कापून घेईन. पण गाडी घेऊन आलात, तर गाठ माझ्याशी आहे.