खलाशाचं कार्ड

कार्ड. ओव्हरमॉरो. अर्थ: परवा, उद्याच्या पलीकडचा दिवस. शेरा: इंग्रजीने टाकून दिलेला शब्द.

जुन्या इंग्रजी शब्दांच्या कोशाच्या कचेरीतला नियम साधा. जुन्या शब्दाला तीन कार्डं हवीत. प्रत्येकावर कुणीतरी खरोखर लिहिलेलं वाक्य आणि तारीख. तीन भरली नाहीत की शब्द बाहेर. या शब्दावर कोशाचे संपादक असलेल्या मास्तरांचा भारी जीव. "एवढी मोठी भाषा, आणि परवा म्हणायला शब्दांची माळ ओवते! होता की तिच्याकडे. हरवून बसली वेंधळी."

मास्तरांना आता अक्षर दिसत नसे. कार्डं वाचून दाखवायची ती त्यांची मदतनीस. बारीक टाइपातली चूक लांबून टिपायची, म्हणून सगळे तिला घार म्हणत.

कार्ड. सिली. आधी: धन्य. मग: निष्पाप. मग: बिचारा. आता: मूर्ख.

"घसरतच गेला की हा, मास्तर!"

"हळू वाच. त्याला घसरायला शेकडो वर्षं लागली."

कार्ड. पुन्हा ओव्हरमॉरो. पुरावे दोनच. सहा महिने शोधूनही दोनच. मास्तरांचा उतरलेला चेहरा घारीला बघवेना. तिसरं तिने घरी बसून लिहिलं: एका खलाशाचं बायकोला पत्र, परवा पोचतो म्हणून. जुनी तारीख घातली.

मास्तर विरघळले. पाहुणा आला की, "वाच गं, आपल्या खलाशाचं वाच." दर वेळी तिचे कान तापायचे.

आज छपाईला जायचं पान आलं. त्यावर खलाशी.

"मास्तर, खलाशी नाहीच. ते मी लिहिलंय."

कार्ड. कोरं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मास्तरांनी कार्डांचा खण चाचपला.

"बाकीची खोटी किती?"

"एकच, मास्तर. शप्पथ."

"सात वर्षं तूच वाचतेयस." मग दाराकडे तोंड करून, "वहिनी, जरा या. आता कार्डं तुम्ही वाचा."

टायपिस्ट वहिनी पदराला हात पुसत आल्या. "मला कुठलं जमतंय ते जुनं इंग्रजी! दात पडतील माझे."

"पडू देत. मूळ पुस्तकं काढा, आणि एकेक कार्ड ताडून बघू. पहिल्यापासून."

घारीने खुर्ची रिकामी केली. वहिनी बसल्या, चष्मा लावला, आणि पहिल्याच शब्दाला अडखळल्या. अक्षरं लावत राहिल्या. मास्तर कान देऊन थांबले.

शब्द घारीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.