चेहरा ओटिसचा, नाव गॅरीचे

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर फोटो तुमचा आणि नाव शेजारच्या बाकावरच्या मुलाचे छापले गेले, तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ते बदलून घ्याल. मला तशी सोय नव्हती. मी एक जुने कार्ड आहे. तळहातात मावणारे, पुठ्ठ्याचे, १९९१ साली अमेरिकेत छापलेले. माझ्यावर एका फुटबॉल खेळाडूचा चेहरा आहे आणि त्याच्याखाली दुसऱ्याच खेळाडूचे नाव आहे. त्यामुळे माझा जीव कधी थाऱ्यावर राहिला नाही.

तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा नसतो. चेंडू लांबट असतो, तो हाताने फेकतात, आणि हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी एकमेकांना धडका देतात. या खेळाडूंची कार्डे छापून बंद पाकिटांत विकायची तिथे जुनी रीत आहे. पाकीट फोडेपर्यंत आत कोण आहे ते कळत नाही. मुले ती जमवतात, मधल्या सुट्टीत अदलाबदल करतात.

मी एका भल्या मोठ्या तावावर छापले गेले. त्या वर्षी एका संघात दोन नवे खेळाडू आले होते. गॅरी हॉलिंगर चेंडू फेकणारा होता आणि ओटिस ग्रॅन्बी त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवणारा. छपाईच्या वेळी फोटोंची गल्लत झाली. गॅरीचे नाव ओटिसच्या हसऱ्या चेहऱ्याखाली छापले गेले. ओटिसच्या नावाचे कार्ड तर कधी निघालेच नाही. चूक लक्षात येताच यंत्र थांबवले, उरलेले ताव फाडून टाकले. आम्ही थोडी कार्डे तेवढी आधीच पाकिटांत जाऊन बसली होती.

माझे पाकीट मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका औषधाच्या दुकानात आले. ते धर्मराज यांनी विकत घेतले. नागपूरहून आलेले हे गृहस्थ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, उपासनाला, वर्गातली मुले कार्डांच्या खेळात घेत नव्हती. तिच्याकडे कार्डेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मला ऐटीत शाळेत घेऊन गेली. एका मुलाने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले.

"हा गॅरी नाहीच. हे कार्ड खोटं आहे."

इतर सगळ्या कार्डांची अदलाबदल झाली. मला कुणी घेतले नाही. मी तिच्या खिशात पडून होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

उपासनाने मात्र मला टाकले नाही. ओटिसच्या डाव्या भुवईत मधोमध एक खाच आहे, जुन्या जखमेची. तिला तो चेहरा आवडला. रविवारी सामना बघताना ती मला मांडीवर घेऊन बसे. मोसमातल्या तिसऱ्या सामन्यात चार-पाच जण एका खेळाडूवर कोसळले. बाकीचे उठले, तो उठला नाही. हेल्मेट काढून त्याला स्ट्रेचरवर घेतले, तेव्हा पडद्यावर क्षणभर त्याची भुवई दिसली.

"बाबा, हा माझ्या कार्डवरचा आहे," उपासना म्हणाली. "तो परत खेळेल ना?"

"खेळेल की. डॉक्टर असतात त्यांच्याकडे," धर्मराज म्हणाले.

पुढचे सगळे रविवार आम्ही दोघे वाट बघत होतो. तो परत आला नाही. समालोचकाने घाईत घेतलेले त्याचे नावही तिला कळले नव्हते, आणि मला सांगता येत नव्हते.

मग ती मोठी झाली. मी कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, बुटांच्या खोक्यात, तळघरात गेले. एकदा तळघरात पाणी शिरले आणि खोक्यातली खालची कार्डे फुगून एकमेकांना चिकटली. मी वर होते म्हणून वाचले. उपासना शिकायला स्टेट कॉलेजला गेली, फिजिओथेरपिस्ट होऊन परत आली, घरापासून दहा मिनिटांवर एका क्लिनिकमध्ये काम करू लागली. वरून पावलांचे आवाज येत. प्रत्येक पाऊल जिन्याकडे वळले की मला वाटे, आता झाकण उघडेल. ते परत फिरे.

उपासनाची आई कांता गेली, त्यानंतरच्या वर्षी धर्मराजांनी तळघर आवरायला काढले. ते निवृत्त झाले होते आणि त्यांना घरात बसवत नव्हते. मी त्यांच्या हाती लागले आणि ते मला कार्डांच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने भिंग लावले आणि ते चेहऱ्यावरून नावावर, नावावरून चेहऱ्यावर फिरवले. मग त्याने सांगितले, की गॅरी हॉलिंगर पुढे फार मोठा खेळाडू झाला. त्याची बरोबर छापलेली कार्डे पोत्यांनी सापडतात, पण हे चुकलेले कार्ड आजवर त्याने फक्त चित्रात पाहिले होते. ज्या चुकीपायी मी तीस वर्षे मान खाली घातली, तीच आता माझी किंमत झाली.

मला तपासायला पाठवले. तज्ज्ञांनी मला खरे ठरवले आणि जाड, पारदर्शक डबीत कायमचे बंद केले. वर चिठ्ठी लावली: गॅरी हॉलिंगर, चुकीचा फोटो. लिलावाची तारीख ठरली. येणाऱ्या पैशातून धर्मराज नागपुरात आपल्या वस्तीत कांताच्या नावाने अभ्यासिका बांधणार होते. खाली मुले, वर मुली, असा दोन मजल्यांचा नकाशाही त्यांनी स्वतः काढला होता. ज्याला त्याला ते मला दाखवत. मी सगळ्यांसमोर चमकत होते, आणि आतून मला वाटत होते, की आता ओटिस कायमचा 'चुकीचा फोटो' होणार.

लिलावाला आठ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी उपासना कामावरून आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कोटही काढला नव्हता तिने.

"बाबा, तो माझा पेशंट आहे."

"कोण?"

"हा. कार्डवरचा. नी रिप्लेसमेंट झालंय त्याचं, तीन आठवडे मी त्याला एक्सरसाइज करवते आहे. आज तो बोलता बोलता म्हणाला, मी तीन मॅच खेळलो होतो. मग मी त्याची भुवई नीट पाहिली. ओटिस ग्रॅन्बी नाव आहे त्याचं. त्याला विचारून सांगतेय मी तुम्हाला."

धर्मराज खुर्चीत बसले. "त्याच्याकडे हे कार्ड असेल ना?"

"नाही. त्याने ते कधी पाहिलंच नाही. त्याची आई तेव्हा दुकानात जाऊन पाकिटं विकत घ्यायची आणि तिथेच उभी राहून फोडायची. तिला एकदाही मिळालं नाही. बाबा, त्याला एकदा बघू द्या ना."

धर्मराजांनी मला उचलून डबी रुमालाने पुसली. ती पुसलेलीच होती. "मी येतो सोबत," ते म्हणाले.

क्लिनिकमध्ये ओटिस दोन समांतर दांड्यांमध्ये हात टेकून उभा होता. केस पांढरे झाले होते, अंग सुटले होते, पण खाच तशीच होती. त्याने मला घेतले तेव्हा त्याचे हात मोठे आणि कोरडे लागले. तो इंग्रजीत बोलला, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"हे पाहा," तो माझ्या कडेवर अंगठा ठेवून म्हणाला, "ही खांद्यावरची चार बोटं दिसतात का? ही गॅरीची. शेजारी बसून त्याने काहीतरी अचाट विनोद केला होता, म्हणून मी हसतोय."

माझ्या काठाशी चार बोटे आहेत. भिंगवाल्यांनीही ती मोजली होती, कुणाची म्हणून विचारले नव्हते. मलाही ठाऊक नव्हते. मित्रांनो, ज्याच्या नावाचा मी इतकी वर्षे राग करत होते, तोही माझ्यावर होता.

ओटिसने मला लगेच परत केले. मग म्हणाला, "एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल. माझी आई शहाऐंशीची आहे, फ्लिंटला वृद्धाश्रमात असते. तिला दाखवून शनिवारी दुपारपर्यंत परत आणतो."

उपासना बाबांकडे पाहत राहिली. धर्मराजांनी घसा खाकरला. त्यांच्या डोळ्यांपुढे नकाशातले दोन मजले आले असावेत. "शनिवारी दुपारी," ते म्हणाले आणि मला त्याच्या हातात दिले.

त्याच्या कोटाच्या खिशातून मी फ्लिंटला गेले. मिसेस ग्रॅन्बी खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. त्यांचे बोट डबीवरून त्या भुवईवर फिरले. मग त्यांची नजर खाली आली.

"हे कुणाचं नाव?"

"गॅरीचं, मॉम. छापणाऱ्यांची चूक झाली होती."

"कधी?"

"झाली चौतीस वर्षं."

"आणि अजून कुणी नीट केली नाही?"

त्यांच्या टेबलावर कपड्यांवर नावे घालायचा काळा मार्कर होता. वृद्धाश्रमात धुलाईत कपड्यांची अदलाबदल होते, म्हणून प्रत्येकाकडे असतो. त्यांनी टोपण काढले. ओटिसचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. मिसेस ग्रॅन्बींनी डबीच्या प्लॅस्टिकवर, गॅरीच्या नावाच्या बरोबर वर, थरथरत्या मोठ्या अक्षरांत मुलाचे नाव लिहिले. अक्षरे माझ्या अंगाला लागली नाहीत. पण त्यांची सावली माझ्यावर पडली, आणि मला पहिल्यांदा जरा स्वस्थ वाटले.

ते फार टिकले नाही. शनिवारी परतीच्या वाटेवर ओटिसने दोनदा गाडी बाजूला घेतली. रुमाल काढला, माझ्यावर धरला, परत खिशात कोंबला. तिकडे ट्रॉयमध्ये दुपारचे दोन वाजून गेले होते.

"बाबा, रिलॅक्स करा ना," उपासना म्हणत होती.

"मी रिलॅक्सच आहे," धर्मराज म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ओटिस काठी टेकत आत आला आणि मला टेबलावर ठेवून बाजूला झाला. "आईने लिहिलंय. मी पुसणार होतो. हात धजला नाही. तुम्ही पुसा, मी बाहेर थांबतो."

धर्मराज अक्षरांकडे पाहत राहिले. उपासनाने बॅगेतून कापूस आणि स्पिरिट काढले. धर्मराजांनी कापूस भिजवला. तो वास माझ्यापर्यंत आला. मी काय करू शकत होते? मी फक्त पडून होते.

"लिहून झाल्यावर त्या काय म्हणाल्या?" धर्मराजांनी विचारले.

"म्हणाली, आता बरोबर झालं," ओटिस म्हणाला.

धर्मराजांनी कापूस बशीत ठेवला. मग ते मुलीशी मराठीत बोलले, हळू आवाजात.

"माझ्या बापाचं नाव शाळेत मास्तरने मुद्दाम वाकडं लिहिलं होतं. नीट करायला तो किती ऑफिसांत गेला. मरेपर्यंत कागदोपत्री तेच राहिलं. माझ्याच्याने हे पुसवणार नाही."

"पण आईची अभ्यासिका, बाबा?"

"होईल. जेवढी होईल तेवढी."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. लिलावात माझा फोटो तशाच डबीसह गेला आणि बोली फार वर चढली नाही. नागपुरात दोन मजल्यांच्या जागी एकच लांब खोली उभी राहिली, मधोमध कपाटांची भिंत घालून. तिथे मुले-मुली वाचत बसल्याचा फोटो उपासनाने ओटिसला दाखवला. तो त्या दिवशी काठीशिवाय चालत होता.

मला घेतले ते एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांच्या बैठकीत मी फळीवर उभे असते. येणारा प्रत्येक जण आधी ती वेडीवाकडी अक्षरे वाचतो आणि विचारतो, हा ओटिस कोण? मग ते सांगतात. ते सांगत असतात तोवर मी शांत असते.

पण शिक्षक आता थकले आहेत. परवा त्यांचा पुतण्या आला होता. त्याने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "काका, हे स्पिरिटने सहज जाईल. भाव दुप्पट होईल." काकांनी मला त्याच्या हातातून काढून घेतले. उद्या ते नसतील तेव्हा काय, हा विचार माझी पाठ सोडत नाही. प्लॅस्टिकवरची शाई टिकाऊ नसते. शेवटचे अक्षर आत्ताच फिके पडले आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ हे बोलले. कुठल्याही चेहऱ्याखालचे नाव एकदा विचारून खात्री करून घ्या. आणि फिरत फिरत मी कधी तुमच्या हाती आले, तर मला धुळीपासून जपा, उन्हापासून जपा, पण ती अक्षरे पुसू नका. फारच फिकी झालेली दिसली, तर एक काळा मार्कर घ्या आणि त्याच रेघांवरून सावकाश गिरवा.