जाऊबाईची काडी

गारगोटीच्या डोंगरावर तानुबाईचा आणि तिच्या धाकट्या जावेचा, सुंदराचा, गवताचा माळ शेजारीशेजारी, मध्ये फक्त एक ओढा. सुंदराचं म्हशींसाठी राखलेलं गवत सरस भरलं, तशी जळफळत तानुबाईनं ते वाळल्यावर त्यात गुपचूप काडी टाकली. आपलं मात्र मिरवायला न कापता उभंच ठेवलं.

पावसाळ्यात सुंदराच्या जळक्या, उघड्या माळावर तेरडा, सोनकी, कवळा असं काही फुलून उसळलं, की मधमाश्यांना पाय टेकायला जागा उरेना. तानुबाईकडं जुन्या वाळक्या गवताखाली सगळं गुदमरलं.

गौरीचा तेरडा न्यायला साऱ्या बायका सुंदराकडं लोटल्या. "नशीब काढलंस गं!"

तानुबाईला सोसवेना. "तिचं कसलं नशीब? म्या पेटवलाय की त्यो माळ!"

"व्हय आक्का?" सुंदरा म्हणाली. "मग माझ्या म्हशी उद्यापास्नं तुमच्या दारात."